डाव्या पायाची सुट्टी

संत तुकाराम नगरहून चाकणचे अंतर वीसेक किलोमीटरचे आहे. नाशिक फाट्यावर वळावे, भोसरीचा उड्डाणपूल ओलांडावा, मोशीपाशी इंद्रायणी पार करावी, चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा मागे टाकावा की चाकण आले. कागदावर हा प्रवास अर्ध्या तासाचा. प्रत्यक्षात सकाळी कारखान्यांच्या पाळ्या भरताना आणि संध्याकाळी त्या सुटताना हा रस्ता किती वेळ घेईल, हे या पट्ट्यात नोकरी करणारा कोणीही छातीठोकपणे सांगणार नाही. २०२१ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, निव्वळ वैतागून, या वाटेवर आपला डावा पाय किती वेळा क्लच दाबतो ते मी मोजले. चाकणच्या तळेगाव चौकापासून नाशिक फाट्यापर्यंत दोनशे चौदा वेळा.

गुडघा त्याआधीपासून कुरकुरत होताच. डॉक्टरांनी तपासून जिना आणि क्लच दोन्ही कमी करा, असा सल्ला दिला. जिना टाळणे शक्य होते, चाकण टाळणे शक्य नव्हते. मार्च २०२२ मध्ये आमच्या दारात मेट्रो आली, संत तुकाराम नगर हे तिचे एक स्थानकच झाले. पण ती पुण्याकडे जाते, आमची भाकरी विरुद्ध दिशेला आहे. शेवटी क्लच नसलेली, म्हणजे स्वयंचलित गिअरची सेडान घ्यायची असे ठरले. त्याच वर्षाच्या दिवाळीपूर्वी ती घरी आली.

घरात या निर्णयाला एकच विरोधक होता. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची अखेरची वर्षे त्यांनी घराजवळच्याच वल्लभनगर आगारात काढली. त्यांचाही डावाच गुडघा गेलेला आहे. त्या काळच्या बसचा क्लच दाबणे म्हणजे काय होते, हे तो गुडघा आजही जिना चढताना सांगतो. त्यामुळे क्लच नसण्याचे त्यांना दुःख नव्हते. त्यांचा आक्षेप वेगळा होता. "गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे ज्याला ठाऊक नाही तो ड्रायव्हर कसला?" एवढेच ते म्हणाले. मी हसून विषय बदलला. या प्रश्नाचे मोल कळायला मला पसरणीच्या घाटात जावे लागले. पण ते पुढे.

ज्या भागात आम्ही राहतो त्याचे आणि मोटारींचे नाते जुने आहे. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीतील आवारातच १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या भारतातील पहिल्या मोटारींची जुळणी झाली. ती कंपनी पुढे २००९ मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी ३१ मार्चला फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्घाटन झाले. २०२२ साली याच कारखान्यातून स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या जुळ्या बहिणी शोभाव्यात अशा दोन सेडान बाहेर पडल्या. एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाबरोबर सहा गतींचा टॉर्क कन्व्हर्टर आणि दीड लिटरच्या इंजिनाबरोबर सात गतींचा दुहेरी क्लच, असे स्वयंचलित गिअरचे दोन पर्याय त्यांत होते. आमच्याकडे आली ती या दोन्हीपैकी एकीची, लहान इंजिनाची. म्हणजे गाडी जिथे जन्मली त्याच रस्त्याला मी तिला रोज परत नेतो.

दोन पंखे आणि तेल

स्वयंचलित गाडी बरोबर चालवायची तर तिच्या पोटात काय चालले आहे याची ढोबळ कल्पना तरी हवी. मला ती दुकानात कोणी दिली नाही, म्हणून थोडी सविस्तर देतो.

पेट्रोलचे इंजिन थांबून राहू शकत नाही. त्याचा वेग मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली घसरला की ते बंद पडते. चाकांना मात्र प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची अलगद गाठ घालून देणे, हे साध्या गाडीत क्लचचे आणि पर्यायाने आपल्या डाव्या पायाचे काम. नवशिक्याची गाडी गचका देऊन बंद पडते, ती ही गाठ नीट बसली नाही म्हणून.

टॉर्क कन्व्हर्टर हेच काम तेलाकडून करून घेतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू करा, दुसऱ्याची वायर काढून ठेवा. थोड्या वेळात दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरू लागतील. आता हवेच्या जागी तेल आणि पंख्यांच्या जागी एका बंद डब्यातली दोन पातीदार चक्रे कल्पा. एक चक्र इंजिनाला जोडलेले, दुसरे गिअरकडे जाणाऱ्या दांड्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, त्यामुळे चाके थांबली तरी इंजिन तेलात घुसळत राहते, बंद पडत नाही. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे चक्र असते. परतणाऱ्या तेलाला ते योग्य दिशेने वळवते आणि त्यामुळे गाडी निघताना चाकांकडे जाणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात तो, इंजिनाने दिलेल्या पिळाच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले, ते जहाजांसाठी. मोटारीत संपूर्ण स्वयंचलित गिअर मोठ्या प्रमाणावर आणला तो जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये.

या तेलाच्या जोडणीचा एक परिणाम पहिल्याच दिवशी लक्षात येतो. दांडा 'डी'वर असताना ब्रेकवरून पाय उचलला की ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावताही गाडी पुढे सरकू लागते. पंखा सुरू आहे, समोरची पाती फिरणारच. भोसरीपासून मोशीपर्यंतच्या रांगेत हे सरकणे म्हणजे वरदान आहे. उजवा पाय ब्रेकवरून थोडा उचलायचा, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे जाते. पुन्हा दाबायचा, थांबते. दोनशे चौदा वेळांचा हिशेब एका दिवसात शून्यावर आला.

वसाहतीच्या आवारात मात्र हेच सरकणे धोक्याचे ठरते. गाडी लावताना पाय ॲक्सिलरेटरवर असायचे कारणच नाही. ब्रेक कमी-जास्त करूनच गाडी जागेवर बसवावी. घाईत चुकीचा पाय चुकीच्या ठिकाणी पडला तर क्लच दाबून सुटका करून घेण्याची सोय इथे नाही. आणि इंजिन सुरू, दांडा 'डी'वर, अशा स्थितीत फाटक उघडायला म्हणून खाली उतरणे तर कधीही नको. आमच्या आवारात संध्याकाळी मुले खेळत असतात, म्हणून हे इतके ठासून लिहितो.

पहिल्या आठवड्यात माझी फजिती झाली ती डाव्या पायामुळे. पंचवीस वर्षांची सवय अशी की समोर अडथळा दिसला की डावा पाय आपणहून क्लचकडे धावतो. स्वयंचलित गाडीत तिथे क्लच नसतो, पण ब्रेकचे पेडल चांगले रुंद असते. वल्लभनगरच्या एसटी स्थानकासमोर एक रिक्षा आडवी आली आणि माझ्या डाव्या पायाने 'क्लच' सर्व शक्तीनिशी दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. मागचा दुचाकीस्वार जेमतेम वाचला, आणि मला जे बोलला ते मी निमूट ऐकून घेतले, कारण त्याचे बरोबर होते. त्या दिवसापासून डावा पाय आसनाखाली दुमडून ठेवू लागलो. पंधरा दिवसांत त्याला सुट्टीची सवय झाली. उजव्या पायानेच ब्रेक आणि उजव्या पायानेच ॲक्सिलरेटर, हा नियम नव्याने स्वयंचलित गाडी घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच स्वतःला घालून घ्यावा.

लुनापासून दुहेरी क्लचपर्यंत

'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द आपण चार वेगळ्या यंत्रांसाठी वापरतो आणि मग एकाचे गुणदोष दुसऱ्याला चिकटवतो. खरे तर पुणेकरांना गिअरविना गाडीचे अप्रूप असायचे कारण नाही. फिरोदियांची लुना १९७२ साली आली आणि १९८४ मध्ये कायनेटिक होंडा. बजाजच्या स्कूटरचा डाव्या मुठीतला गिअर पिळून मनगट दुखवून घेतलेल्यांना तेव्हा ही बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर म्हणजे चैन वाटली होती. त्या स्कूटरमध्ये दोन कप्प्यांवरून फिरणारा एक पट्टा असे. वेग वाढेल तसे कप्प्यांचे व्यास कमी-जास्त होत, म्हणजे गिअर टप्प्याटप्प्याने नव्हे तर सलग बदलत राही. मोटारीतले सीव्हीटी ते हेच तत्त्व, फक्त रबराऐवजी पोलादी पट्टा. चालायला अत्यंत मऊ. पण जोरात ॲक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडते आणि मग सावकाश गाडी धावते, ही त्याची जुनी खोड.

दुसरा प्रकार एएमटी. यात गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच असतात, फक्त ते दाबण्या-बदलण्याचे काम माणसाऐवजी एक यांत्रिक हात करतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून हा प्रकार भारतात आला आणि त्याच वर्षी टाटांच्या झेस्ट या सेडानच्या डिझेल प्रकारातही दिसला. स्वस्त, इंधनात काटकसरी; मात्र प्रत्येक गिअर बदलताना किंचित डुलकी घेणारा. चढावर ॲक्सिलरेटरच्या आधाराने एएमटी गाडी थोपवून धरू नये, कारण आत शेवटी क्लचच घासला जात असतो.

तिसरा माझ्या गाडीतला, टॉर्क कन्व्हर्टर. आणि चौथा दुहेरी क्लच. यात एक, तीन, पाच हे विषम गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर असतात. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार असतो, त्यामुळे बदल जाणवतही नाही. मोकळ्या रस्त्यावर याच्याइतके आनंददायी दुसरे काही नाही, हे मी मित्राची गाडी द्रुतगती मार्गावर चालवून अनुभवले आहे. पण यातल्या कोरड्या क्लचच्या प्रकारात क्लचच्या चकत्यांना तेलाचा गारवा नसतो. रांगेत इंचाइंचाने सरकताना त्या अर्धवट चिकटून घासत राहतात आणि तापतात. म्हणून अशा गाडीत समोर पाच-सहा मीटर जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावे, उगीच सरकत राहू नये. अर्थात चाकणच्या रस्त्यावर पाच मीटर मोकळे सोडले तर तिथे तीन दुचाकी आणि एक टेम्पो येतो, हा भाग अलाहिदा. हे तंत्र पचवणे त्याच्या निर्मात्यांनाही सोपे गेले नव्हते. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला एकट्या चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या अशाच गिअरबॉक्समधील दोषांसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर बऱ्याच सुधारणा झाल्या. तरीही ज्याचे आयुष्य नाशिक फाटा ते चाकण या रांगेत जायचे आहे त्याने टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा आणि ज्याचे बहुतेक फिरणे महामार्गावर आहे त्याने दुहेरी क्लचचा विचार करावा, असे माझे मत आहे.

पसरणीचा घाट

डिसेंबर २०२२ मध्ये आईवडिलांना घेऊन आम्ही महाबळेश्वरला गेलो. जाताना वाईहून पसरणीचा घाट चढलो तेव्हा गाडीने मन जिंकले. वळणावर वेग कमी झाला की ती आपणहून खालचा गिअर घेई, वळण संपले की वरचा. अण्णा पुढच्या सीटवर बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. काही बोलले नाहीत. एसटीच्या चालकाची ही दाद समजायची.

परतताना मी तोच घाट 'डी'वरच उतरू लागलो. गाडी उतारावर वेग घेई, मी ब्रेक लावी. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. खाली धोम धरणाचे पाणी चमकत होते, मागे आई आणि सौ. गप्पा मारत होत्या. अर्धाअधिक घाट उतरल्यावर जळकट वास आला. मला वाटले, पुढच्या ट्रकचा असेल. अण्णांना तसे वाटले नाही.

"गाडी बाजूला घे," ते म्हणाले. "कितव्या गिअरमध्ये आहे?"

"अण्णा, ऑटोमॅटिक आहे. डीमध्ये आहे."

"डी म्हणजे कितवा?"

समोरच्या पडद्यावर 'डी'शेजारी बारीक अक्षरात आकडा दिसतो. दोन महिन्यांत मी त्याकडे कधी पाहिलेच नव्हते. तो पाच होता.

"आणि चढताना?"

चढताना दुसरा-तिसरा असणार, हे मलाही ठाऊक होते. पुढच्या वळणाआधी रुंद जागा होती. तिथे थांबण्यासाठी ब्रेक दाबला तेव्हा पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. गाडी थांबली, पण तो एक इंच मी विसरलेलो नाही. चौघे खाली उतरलो तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून धग येत होती. शेजारच्या टपरीवाल्याने तत्परतेने पाण्याची बादली आणली. अण्णांनी त्याला थांबवले. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतले तर ती वेडीवाकडी होते. अर्धा तास नुसते बसून राहिलो. या साऱ्यात गाडीचा काडीचाही दोष नव्हता. ती कशी उतरवायची हे चालकाला माहीत नव्हते, आणि तो चालक मी होतो.

घडले काय ते समजून घेण्यासारखे आहे. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक आहे. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड टन मानले, तर एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती पंचवीस लिटर गार पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. तिचा काही भाग वारा आणि टायर घेतात. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली तर एक मोठी बादली पाणी उकळवण्याचे काम आपण हाताच्या पंजाएवढ्या पॅडांना सांगतो. पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड घटते. ब्रेकच्या नळ्यांतले तेल उकळू लागले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जाते आणि शेवटी जमिनीला टेकू शकते.

म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा एसटीच्या चालकांचा पाठ असतो. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. ॲक्सिलरेटर सोडलेला असल्याने इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही, ते नाखुशीने फिरते, आणि त्याची ही नाखुशी गाडीला मागे धरून ठेवते. ऊर्जा ब्रेकऐवजी इंजिनात जिरते आणि इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर आहेच. आजच्या गाड्यांत अशा वेळी पेट्रोलचा पुरवठाही आपोआप तुटतो, म्हणजे गरगर आवाज कितीही येवो, त्या क्षणी थेंबभरही पेट्रोल जळत नाही.

मग स्वयंचलित गिअर हे स्वतःहून का करत नाही? कारण त्याला घाट दिसत नाही. त्याला कळते ते एवढेच, की वेग आहे आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही. सपाट महामार्गावर याचा अर्थ असा, की चालक निवांत आहे, वरचा गिअर टाकून पेट्रोल वाचवावे. काही गाड्या उतार आणि ब्रेकचा दाब ओळखून खालचा गिअर घेतात, पण त्यांच्या अंदाजावर आपले कुटुंब सोपवू नये. त्यासाठीच दांड्याला 'एम', 'एस' किंवा 'एल' अशी एखादी जागा दिलेली असते. माझ्या गाडीत दांडा बाजूला सरकवला की गिअर हाताने खाली-वर करता येतो. हे सोंग कशाला, असे मी गाडी घेताना म्हणालो होतो.

उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर घोंघावत होते. आईला वाटले, काहीतरी बिघडले. ब्रेक वळणापुरताच लागला. अण्णा मध्येच म्हणाले, "न्यूट्रल कुठंय यात, ते बघून ठेव आणि घाटात तिकडं हात नेऊ नकोस." न्यूट्रलवर उतरले की पेट्रोल वाचते ही समजूत अजून पुष्कळांना सोडवत नाही. इंजिनाचा आधार सुटतो आणि बचतही होत नाही, कारण न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच.

या प्रसंगाने मला एक गोष्ट खटकू लागली. आपल्याकडे मोटारसायकलच्या परवान्यात गिअर असलेली आणि नसलेली असा भेद आहे. चारचाकीत तो नाही. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली तर परवानाही तेवढ्याच गाड्यांचा मिळतो. आपल्याकडे साध्या गाडीवर शिकलेला माणूस स्वयंचलित गाडी घेतो, विक्रेता पाच मिनिटांत 'पी, आर, एन, डी' दाखवतो आणि तो थेट घाटात जातो. आमच्या वसाहतीत अलीकडे स्वयंचलित गाड्या वाढल्या आहेत. दिसेल त्याला मी विचारतो, तुमचा दांडा घाटात कुठे असतो? बहुतेकांचे उत्तर माझे जुनेच उत्तर असते.

बाकीचे हिशेब

खर्चाविषयी वाचकांना उत्सुकता असते, म्हणून थोडक्यात. साध्या गिअरच्या त्याच गाडीपेक्षा सव्वा लाखाच्या आसपास जास्त मोजले. चाकणच्या रांगेत लिटरला नऊ-दहा किलोमीटर पडतात, द्रुतगती मार्गावर सोळा-सतरा. पैशांत पाहिले तर ही चैनच आहे. गुडघ्यात पाहिले तर नाही.

बॅटरी उतरली तर काय, हे एका पावसाळी सकाळी कळले. आवारातली चार मुले रीतीप्रमाणे धक्का मारायला धावली. मी त्यांना परत पाठवले. चाके फिरवून इंजिन सुरू करायचे तर मध्ये घट्ट जोडणी हवी. इथे मध्ये तेल, आणि त्या तेलाला दाब देणारा पंप इंजिनच चालवते. इंजिन बंद म्हणजे सगळेच बंद. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर लावून ती सुरू केली. त्याच कारणाने बंद पडलेली स्वयंचलित गाडी चारही चाके जमिनीवर ठेवून दोराने दूरवर ओढत नेऊ नये. आत तेल फिरत नसताना गिअर कोरडे घासतात. सपाट फळीच्या गाडीवर चढवूनच ती न्यावी.

'पी' या अक्षराविषयीही असाच गैरसमज आहे. 'पी'वर टाकले की गाडी जखडली, असे समजून लोक हँडब्रेक ओढत नाहीत. आत एक लहानसा पोलादी दात चक्राच्या खाचेत अडकतो, इतकेच. चढावर अख्ख्या गाडीचे वजन त्या दातावर येते आणि पुढच्या वेळी दांडा काढताना 'खट्' असा आवाज होतो. आधी ब्रेक दाबून ठेवावा, हँडब्रेक ओढावा, मग 'पी'. सिग्नलला मिनिटभर थांबायचे असेल तर 'डी'वर ब्रेक दाबून थांबले तरी चालते. फाटकापाशी पाच-दहा मिनिटांचा प्रश्न असेल तर 'एन' आणि हँडब्रेक.

घरात सर्वांत मोठा बदल झाला तो सौ.चा. काही वर्षांपूर्वी नाशिक फाट्याच्या दुमजली उड्डाणपुलाच्या चढावर तिची गाडी बंद पडली, मागे घसरली, मागून भोंग्यांचा कल्लोळ झाला, आणि घरी येऊन तिने किल्ली टेबलावर ठेवली ती ठेवलीच. परवाना कपाटात पडून होता. या गाडीवर तिने महिनाभर पहाटे आवारात आणि मग रस्त्यावर हात बसवला. चढावर ब्रेक सोडला तरी गाडी क्षणभर धरून ठेवली जाते, बंद पडत नाही, एवढा भरवसा तिला पुरला. अण्णांच्या तपासण्यांसाठी चव्हाण रुग्णालयात त्यांना आता तीच नेते. ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची आणि म्हाताऱ्यांची गाडी, असे आमच्या वसाहतीत हेटाळणीने म्हटले जाते. ज्यांना गाडीची सर्वांत जास्त गरज असते त्यांना ती चालवता यावी, यात हेटाळणीसारखे काय आहे ते मला कळलेले नाही. मात्र तिला घाट उतरायला शिकवला तो मी नव्हे, अण्णांनी. गेल्या हिवाळ्यात तोच पसरणीचा घाट ती दुसऱ्या गिअरमध्ये उतरली आणि अण्णा वाई येईपर्यंत डुलक्या घेत होते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच तारखेला, त्याच मार्गावर, २०२२ मध्ये 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. तिला क्लच नाही आणि बदलायला गिअरही नाहीत. मी अण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, ती घाटात कशावर थांबते? विजेची मोटर उतारावर उलटी राबून बॅटरी भरते आणि गाडीला धरूनही ठेवते, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे खालचा गिअर आहेच की."

सध्या आमच्यात एकच वाद शिल्लक आहे, गिअरबॉक्सच्या तेलाचा. ते आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. कोणाच्या आयुष्यभर, गाडीच्या की वॉरंटीच्या, हे कोणी सांगत नाही. रोज रांगेत तापणारे तेल काळवंडते, पातळ होते आणि साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदललेले बरे, असे या भागातले जाणते मेकॅनिक म्हणतात. अण्णांच्या मते चाळीसलाच बदलावे. गाडीचे एकेचाळीस हजार झाले आहेत. पुढच्या आठवड्यात वेळ घेतली आहे.